जुन्या इंग्रजीत शब्द अडला, तर अर्थ कसा शोधायचा

भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. पासपोर्टधारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' मोकळेपणाने जाऊ द्यावं, अशी. 'लेट' म्हणजे 'होऊ देणं' हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तो अर्थ इथे लावला तर 'परवानगीशिवाय जाऊ द्या' असं भलतंच वाक्य तयार होतं. इथला 'लेट' म्हणजे अडवणूक. रोजच्या इंग्रजीतून हा अर्थ केव्हाच गेला. उरला तो अशा ठरीव कायदेशीर वाक्यांत आणि टेनिसच्या मैदानावर, सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे योग्य जागी पडला की पंच 'लेट' पुकारतात तिथे.

इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी, अनुवादक, शिवकाळातला इंग्रजांचा पत्रव्यवहार चाळणारे अभ्यासक, घरातलं शंभर वर्षांपूर्वीचं खरेदीखत उलगडून बसलेली मंडळी, या सगळ्यांना असे शब्द भेटतात. मी पुढे जी पद्धत सांगणार आहे तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अनोळखी शब्द सहसा दगा देत नाही, कारण तो आपल्याला कोश उघडायला लावतो. दगा देतो तो ओळखीचा शब्द. त्याचा अर्थ ठाऊक आहे असं समजून आपण पुढे जातो आणि अख्खं वाक्य उलटं वाचतो. म्हणून 'अर्थ काय' हे विचारण्याआधी 'हे कधीचं' असं विचारायची सवय लावून घ्या.

आधी साल ठरवा

पुस्तक कधी छापलं ते पाहून भागत नाही. गेल्या वर्षी छापलेल्या पुस्तकात १६७४ सालचं पत्र असू शकतं. मूळ मजकूर कधी लिहिला गेला ते प्रस्तावनेत, मथळ्यात किंवा तळटीपेत शोधा. नेमकं साल मिळालं नाही तर निदान शतक तरी ठरवा.

ढोबळ विभागणी अशी आहे. साधारण अकराव्या शतकापर्यंतची ती 'ओल्ड इंग्लिश'. आजच्या इंग्रज माणसालाही ती वेगळी शिकल्याशिवाय वाचता येत नाही. तिथून सुमारे १५०० पर्यंत 'मिडल इंग्लिश', म्हणजे चौदाव्या शतकातला कवी चॉसर याची भाषा. १५०० ते १७०० हा 'अर्ली मॉडर्न'चा काळ. शेक्सपिअर, १६११ चं किंग जेम्स बायबल आणि ईस्ट इंडिया कंपनीची सुरतेहून गेलेली सुरुवातीची पत्रं ही सगळी या काळातली. बोलताना आपण शेक्सपिअरच्या भाषेला सर्रास 'ओल्ड इंग्लिश' म्हणतो. गप्पांमध्ये ते खपून जातं. कोश निवडताना मात्र हा घोळ नडतो, कारण या तिन्ही काळांचे कोश वेगवेगळे आहेत.

तारखांचीही एक मेख आहे. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत सरकारी नवं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले साडेतीन आठवडे आदल्या सालात मोजले जात. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली ती आपल्या हिशेबाने जानेवारी १६६४ मध्ये, पण इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांत ते साल १६६३ किंवा १६६३/४ असं लिहिलेलं दिसतं. ही छपाईची चूक नाही. हे माहीत नसेल तर दोन कागदांचा क्रम सहज उलटा लागतो आणि एखादं पत्र त्याच्या उत्तरानंतर लिहिलं गेल्यासारखं वाटतं.

अक्षरं नीट वाचा

जुन्या छपाईचं स्कॅन वाचत असाल तर कोशाकडे वळण्याआधी शब्द बरोबर वाचला आहे ना, याची खात्री करा. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांबट काढत. तो हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. फरक एवढाच, की 'एफ'ची आडवी रेघ दांडीच्या दोन्ही बाजूंना जाते, तर लांब 'एस'ला ती नसते, किंवा डावीकडे नुसतं टोक असतं. शब्दाच्या शेवटी मात्र नेहमीचा 'एस' येतो. संगणकालाही हा फरक कळत नाही. जुन्या पुस्तकांत 'केस' शोधायला जावं तर तो शब्द 'कॅफे' म्हणून नोंदला गेलेला असतो. त्यामुळे स्कॅन केलेल्या ग्रंथांत काही शोधताना 'एस'च्या जागी 'एफ' घालूनही एकदा शोधून बघा.

'यू' आणि 'व्ही' यांच्यात तेव्हा उच्चारानुसार भेद नव्हता. शब्दाच्या सुरुवातीला 'व्ही' आणि मध्ये 'यू' असा छपाईचा शिरस्ता होता. म्हणून 'अपॉन' हा शब्द 'व्ही'ने सुरू होतो आणि 'हॅव'मध्ये 'यू' बसलेला दिसतो. 'आय' आणि 'जे' यांचंही तसंच. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनने आपला कोश काढला तेव्हासुद्धा 'आय' आणि 'जे'चे शब्द एकाच विभागात, 'यू' आणि 'व्ही'चे एकाच विभागात घातले होते. त्या कोशाची मूळ प्रत चाळताना शब्द सापडला नाही तर हे लक्षात ठेवा.

आता 'वाय-ई'. हस्तलिखितांत आणि दुकानांच्या जुन्या धर्तीच्या पाट्यांवर हा जोड दिसतो आणि लोक तो 'यी' असा वाचतात. 'थ'च्या उच्चारासाठी इंग्रजीत पूर्वी 'थॉर्न' नावाचं वेगळं अक्षर होतं. हाताने लिहिताना ते 'वाय'सारखं दिसू लागलं आणि छापखान्यांनी त्याच्या जागी सरळ 'वाय' वापरला. म्हणजे हा शब्द 'द' आहे आणि 'द' असाच वाचायचा. 'वाय-टी' म्हणजे 'दॅट', 'डब्ल्यू-सी-एच' म्हणजे 'विच', हे संक्षेपही कंपनीच्या पत्रांत सारखे येतात. फक्त एक सांभाळा: 'यी' हे 'तुम्ही' या अर्थाचं खरं सर्वनामही आहे. पुढे नाम असेल तर 'द', कुणाला तरी उद्देशून असेल तर 'तुम्ही', एवढ्यावर बहुतेक वेळा निभावतं.

स्पेलिंग अडलं तर शब्द मोठ्याने वाचा. सतराव्या शतकातला लेखक कानाला ऐकू येईल तसं लिहीत असे आणि एकाच पानावर एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहायलाही त्याची हरकत नसे. शेवटचा जादा 'ई' काढून बघा, 'वाय'च्या जागी 'आय' घालून बघा, 'म्युझिक', 'पब्लिक' यांच्या शेवटचा 'के' काढून टाका. अर्धे 'जुने शब्द' इथेच आजचे निघतात.

ओळखीच्या शब्दांवर संशय घ्या

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो या पायरीवर. वाक्य व्याकरणात बसतंय, प्रत्येक शब्द माहीत आहे, तरीही अर्थ विचित्र लागतोय, असं झालं की समजावं, त्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ बदललेला आहे.

किंग जेम्स बायबलच्या पहिल्याच अध्यायात, उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या वचनात, देव माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि झाडांची फळं देतो आणि म्हणतो की ती तुम्हाला 'मीट' म्हणून होतील. फळं आणि 'मीट'? १६११ मध्ये 'मीट' म्हणजे कोणतंही अन्न. मांस हा अर्थही तेव्हा होता, पण तो अनेकांपैकी एक होता. याच ग्रंथात एकशे एकोणिसाव्या स्तोत्राचा कर्ता सांगतो की त्याने पहाटेला 'प्रिव्हेंट' केलं. पहाट थांबवण्याचा चमत्कार वगैरे काही नाही. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'आधी येणं'. पहाट व्हायच्या आधीच तो उठून प्रार्थनेला लागला होता. आणि तेविसाव्या स्तोत्रातलं 'आय शॅल नॉट वाँट' म्हणजे 'मला काही नको' नव्हे. 'वाँट' म्हणजे उणीव. मराठी बायबलमध्ये तिथे 'मला काही उणे पडणार नाही' असं आहे. किंग जेम्स वाचणाऱ्या मराठी माणसाला ही एक हुकमी सोय आहे. वचनांचे क्रमांक बहुतेक ठिकाणी जुळतात, त्यामुळे शंका आली की मराठी प्रत शेजारी उघडायची. मराठी भाषांतर इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेलं नाही, त्यामुळे त्याला पुरावा मानू नका, पण वाट कुठे चुकली ते लगेच कळतं.

शेक्सपिअरकडे असे शब्द पावलोपावली. 'प्रेझेंटली' म्हणजे 'थोड्या वेळाने' नव्हे, 'आत्ताच्या आत्ता'. 'स्टिल' म्हणजे पुष्कळदा 'नेहमी'. 'फाँड' म्हणजे खुळा. 'क्विक' म्हणजे जिवंत. ज्युलिएट 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' म्हणते तेव्हा तो कुठे आहे असं ती विचारत नाही. 'व्हेअरफोर' म्हणजे 'का'. तू नेमका रोमिओच का झालास, शत्रूच्या घराण्यातलाच का, हा तिचा प्रश्न आहे, आणि पुढचं नावाबद्दलचं सगळं बोलणं त्या 'का'वर उभं आहे. 'डाऊट'ने तर मीही सावध राहायला शिकलो. हॅम्लेट 'आय डाऊट सम फाउल प्ले' म्हणतो तेव्हा घातपात झाल्याबद्दल तो साशंक नसतो. घातपात झालाच असावा, अशी त्याला धास्ती वाटत असते. आजच्या अर्थाच्या बरोबर उलट.

काही शब्दांचा प्रवास लांबचा आहे. 'नाइस' लॅटिनमधल्या 'अजाण' या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला आणि इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'मूर्ख' होता. 'सिली' उलट दिशेने गेला: आधी भाग्यवान, मग निष्पाप, मग बिचारा, आणि शेवटी खुळा. 'गर्ल' म्हणजे चौदाव्या शतकात मूल, मग ते मुलगा असो की मुलगी. 'डिअर' म्हणजे कोणतंही जनावर, म्हणून 'किंग लिअर'मध्ये उंदीर-घुशींनाही 'स्मॉल डिअर' म्हटलेलं आहे. हे पाठ करायची गरज नाही. एवढ्या साध्या शब्दांतही असं होऊ शकतं, एवढं मनात राहिलं की पुरे.

कोणता कोश उघडायचा

खिशातला किंवा मोबाइलमधला इंग्रजी-मराठी कोश या कामाला पुरत नाही. तो आजचे अर्थ देतो, आणि तेच त्याचं काम आहे.

या क्षेत्रातलं अखेरचं न्यायालय म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. शब्दाचा प्रत्येक अर्थ कधी उगवला, कुणी कुणी वापरला आणि कधी मावळला हे अवतरणांसह दाखवायचं, या इराद्याने लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये हे काम मनावर घेतलं. पहिला भाग बाहेर पडायला १८८४ उजाडलं आणि पहिली आवृत्ती पुरी झाली १९२८ मध्ये. मुख्य संपादक जेम्स मरी त्याआधीच, १९१५ मध्ये, वारले होते. शेकडो स्वयंसेवकांनी पुस्तकं वाचून, वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. तो कोश उभा आहे तो या चिठ्ठ्यांवर. दुसरी आवृत्ती १९८९ ची, २० खंडांची. आजची ऑनलाइन आवृत्ती सशुल्क आहे, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळू शकते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदत्वावर ती घरबसल्याही वापरता येते. काहीच जमलं नाही तरी अडून बसू नका. पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत, आणि मेलेल्या शब्दांसाठी ती आवृत्ती अजूनही उत्तम आहे.

चॉसरच्या काळासाठी मिशिगन विद्यापीठाचा 'मिडल इंग्लिश डिक्शनरी' वापरा, त्याहून जुन्यासाठी बॉसवर्थ-टॉलर. दोन्ही मोफत.

अठराव्या शतकातला मजकूर असेल तर जॉन्सनचा कोश हाताशी ठेवा. तोही ऑनलाइन मोफत शोधता येतो. सुमारे ४२ हजार शब्दांचा हा कोश त्या काळच्याच माणसाने लिहिलेला आहे, त्यामुळे शब्द तेव्हा कसा ऐकू येत होता ते त्यातून कळतं. एखादा शब्द त्याच्याच काळात जुना झालेला असेल तर तसा शेरा तो मारतो. हलका वाटला तर तेही सांगतो. अडचण एकच. त्याच्या व्याख्या कधीकधी शब्दापेक्षा अवघड असतात. 'नेटवर्क' म्हणजे जाळीकाम, हे सांगताना त्याने 'रेटिक्युलेटेड' आणि 'डेकसेटेड' असे दोन शब्द घातले आहेत, आणि मग त्या दोघांसाठी पुन्हा कोश उघडावा लागतो.

मराठी माणसाकडे एक साधन असं आहे, ज्याचा पुरेसा उपयोग होताना दिसत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश सगळ्यांना ठाऊक असतो (१८३१, आणि वाढवलेली आवृत्ती १८५७ ची). पण मोल्सवर्थने सुरू केलेला आणि थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोशही आहे, १८४७ साली मुंबईत छापलेला. त्यात इंग्रजी शब्दांचे अर्थ १८४७ चे आहेत आणि मराठीही १८४७ ची. एकोणिसाव्या शतकातलं मुंबई इलाख्यातलं एखादं सरकारी पत्र किंवा मिशनऱ्याचा अहवाल वाचताना, त्या काळच्या कानांना तो शब्द मराठीत कसा वाटत होता, हे याच्याइतकं जवळून दुसरीकडे कुठे मिळणार? हे कोश वाचतानाही सालाचा नियम सोडू नका. मोल्सवर्थ जोंधळ्याला 'होल्कस सोर्घम' म्हणतो. हे वनस्पतिशास्त्रातलं जुनं नाव आहे, आज ते 'सोर्घम बायकलर' झालं आहे. जुन्या कोशाची व्याख्यासुद्धा जुन्या इंग्रजीतच असते.

नोंद कशी वाचायची

शब्द सापडला म्हणजे अर्थ सापडला असं नाही. 'लेट'चंच पाहू. हॅम्लेटला बापाच्या भुतामागे जायचं असतं, मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो, जो मला 'लेट' करील त्याचंच मी भूत करीन.

मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशात किंवा ऑक्सफर्डमध्ये 'लेट' उघडला की एकाच स्पेलिंगचे एकाहून अधिक स्वतंत्र शब्द दिसतात, क्रमांक घातलेले. पुष्कळ लोक पहिलीच नोंद वाचून कोश मिटतात. सगळे क्रमांक बघा. इथे मुळात दोन वेगळी क्रियापदं होती. 'होऊ देणं' या अर्थाचं 'लॅटन' आणि 'अडवणं' या अर्थाचं 'लेटन'. दुसरं नातं सांगतं ते उशीर या अर्थाच्या 'लेट'शी: एखाद्याला उशीर करवणं, म्हणजे अडवणं. शतकं लोटली, शेवटची अक्षरं झिजली आणि उलट अर्थाची दोन क्रियापदं लिहायला-बोलायला एकच झाली. असा गोंधळ कुठलीही भाषा फार काळ चालवून घेत नाही. 'अडवणं' मागे पडलं.

मग शेरे बघा. 'ऑब्सोलीट' आणि 'आर्केइक' हे दोन शेरे एकच समजू नयेत. मेरियम-वेबस्टरने त्यांच्यात स्पष्ट फरक केला आहे. १७५५ नंतर, म्हणजे जॉन्सनचा कोश निघाल्यानंतर, वापराचा पुरावाच मिळत नसेल तर शब्द 'ऑब्सोलीट'. एकेकाळी सर्रास चालणारा, आता क्वचित किंवा खास जागीच भेटणारा तो 'आर्केइक'. अडवणुकीच्या अर्थाचं 'लेट' हे क्रियापद त्यांच्याकडे 'आर्केइक'मध्ये आहे. तिसरा शेरा 'हिस्टॉरिकल'. तिथे शब्द चालू आहे, वस्तू गेलेली आहे. 'फार्दिंग' हे नाणं बंद झालं, पण त्याला दुसरं नाव नाही. ऑक्सफर्डच्या छापील कोशात मेलेल्या शब्दापुढे किंवा अर्थापुढे छोटी कट्यार छापलेली असते. ती शब्दापुढे आहे की त्याच्या एखाद्याच अर्थापुढे, हे नीट बघा. 'नाइस' शब्द जिवंत आहे, कट्यार आहे ती त्याच्या 'मूर्ख' या अर्थावर.

अर्थांचा क्रमही पाहून घ्या. ऑक्सफर्डचा मोठा कोश आणि मेरियम-वेबस्टर सर्वात जुना अर्थ आधी देतात. विद्यार्थ्यांसाठीचे बहुतेक कोश आजचा अर्थ आधी देतात. एकाची सवय घेऊन दुसरा वाचला तर चुकीचा अर्थ उचलला जातो.

आणि शेवटी अवतरणं. लोक ती गाळतात, पण खरा ऐवज तिथेच असतो. पहिल्या आणि शेवटच्या अवतरणाचं साल पाहा. तुमचा मजकूर त्या दोन सालांच्या मध्ये बसतो का? बसत असेल तर त्यातलं तुमच्या सालाला जवळचं वाक्य काढा आणि स्वतःच्या वाक्याशेजारी ठेवा. दोन्ही वाक्यांत शब्दाचं काम एकच असेल, तर अर्थ हाती लागला.

'दाऊ' आणि 'यू'

इथे आपल्याला जन्मजात फायदा आहे. 'दाऊ, दी, दाय, दाइन' म्हणजे तू, तुला, तुझा. 'यी' आणि 'यू' म्हणजे तुम्ही, एकाला आदराने किंवा अनेकांना. आजच्या इंग्रजाला हा भेद पुस्तकातून शिकावा लागतो. आपण तो रोज जगतो. सासऱ्याला कुणी 'अरे-तुरे' केलं तर घरात काय होईल ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. १६०३ मध्ये वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकने भर कोर्टात त्याला मुद्दाम 'दाऊ' म्हटलं, आणि मी तुला 'दाऊ'च म्हणतो असंही वर सुनावलं. एका सरदाराचा तो जाणूनबुजून केलेला अपमान होता. पुढे क्वेकर पंथाचे लोक सगळ्यांनाच, न्यायाधीशांनाही, 'दाऊ' म्हणू लागले आणि त्यापायी त्यांनी मार खाल्ला.

म्हणून शेक्सपिअर वाचताना दोन पात्रं 'यू'वरून 'दाऊ'वर कधी आली, किंवा मागे कधी गेली, तिथे पेन्सिलने खूण करा. तिथे प्रेम तरी वाढलेलं असतं किंवा राग तरी. देवालाही 'दाऊ'च म्हणतात, आपण विठ्ठलाला 'तू' म्हणतो तसंच.

'हिदर' म्हणजे इकडे, 'थिदर' म्हणजे तिकडे, 'व्हेन्स' म्हणजे कुठून, 'ओव्हरमॉरो' म्हणजे उद्यानंतरचा परवा. हे सगळं इंग्रजीने टाकून दिलं किंवा अडगळीत ठेवलं. मराठीत ते रोजच्या वापरात आहे.

कंपनीची पत्रं आणि घरातली खरेदीखतं

सुरत, राजापूर, मुंबई इथले इंग्रज कागद वाचताना 'फॅक्टरी' शब्द आला की कारखाना डोळ्यांपुढे आणू नका. ती वखार. तिथे माल बनत नसे, घेतला जाई, साठवला जाई, पाठवला जाई. 'फॅक्टर' म्हणजे तिथला कंपनीचा नोकर, व्यापारी प्रतिनिधी. 'रायटर' म्हणजे लेखक नव्हे, सगळ्यात खालच्या पायरीचा कारकून. त्याच्यावर फॅक्टर, मग ज्युनिअर मर्चंट, मग सीनिअर मर्चंट. कोलकात्यातल्या रायटर्स बिल्डिंगचं नाव या कारकुनांवरून पडलं. 'इन्व्हेस्टमेंट' म्हणजे युरोपला पाठवण्यासाठी इथे खरेदी केलेला माल. 'कन्सल्टेशन' म्हणजे वखारीच्या कौन्सिलची बैठक आणि तिचं इतिवृत्त. 'मूर' म्हणजे मुसलमान, 'जेंटू' म्हणजे हिंदू, 'कंट्री ट्रेड' म्हणजे आशियातल्या बंदरांमधला व्यापार. 'सेवाजी' हे नाव कुणाचं, ते सांगायला नको.

कंपनीचा दूत हेन्री ऑक्झिंडन १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर हजर होता. त्याच्यासारख्यांची टिपणं वाचायला बसताना शेजारी 'हॉब्सन-जॉब्सन' हवाच. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा हा १८८६ चा कोश म्हणजे भारतात रुजलेल्या इंग्रजीची वंशावळ आहे. 'श्रॉफ' हा आपला सराफ आणि 'दुबाश' हा दुभाषा, हे अवतरणांसह दाखवून देतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर हा आणि मोल्सवर्थ असे दोन्ही मोफत शोधता येतात.

जुन्या मुंबईतल्या खरेदीखतांची भाषा वेगळीच. 'मेस्विज' म्हणजे राहतं घर, भोवतालच्या आवारासकट. 'हेरिडिटमेंट्स' म्हणजे वारशाने जाऊ शकणारी मालमत्ता. 'मोइटी' म्हणजे निम्मा हिस्सा, 'रेलिक्ट' म्हणजे मयताची विधवा, 'इश्यू' म्हणजे संतती. पत्रात तारखेपुढे 'इन्स्टंट' असेल तर चालू महिना, 'अल्टिमो' असेल तर मागचा, 'प्रॉक्सिमो' असेल तर पुढचा. यासाठी साधा कोश न बघता कायद्याचा कोश बघावा. 'ब्लॅक्स लॉ डिक्शनरी'ची पहिली आवृत्ती १८९१ ची आहे. पण हक्काचा प्रश्न असेल तर कोशावर विसंबू नका, कागद वकिलाला दाखवा.

कोशातला प्रत्येक शब्द खरा असतोच असं नाही

१८०८ मध्ये 'एडिंबरो रिव्ह्यू'त हिंदूंच्या चालीरीतींवर एक मजकूर आला. कुणी आकड्यांना लटकून झोके घेतात, असं त्यात होतं. बगाड पाहिलेल्याला ते लगेच कळेल. पुढे होतं की कुणी हातांतून 'काइम्स' आरपार घालतात. हे 'काइम्स' म्हणजे काय? एखादं भयंकर हत्यार असावं, असं वाचणाऱ्याला वाटणारच, त्यातून मजकूर दूरदेशीचा. वॉल्टर स्कीट या भाषाशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे या शब्दाचा निकाल लावला. तो शब्दच नव्हता. 'नाइव्ज', म्हणजे सुऱ्या, यातल्या 'एन-आय-व्ही'चं छापताना 'आय-एम' झालं होतं. अशा जन्मालाच न आलेल्या शब्दांना त्याने 'घोस्ट वर्ड' असं नाव दिलं. कोशही यातून सुटलेले नाहीत. १९३४ च्या वेबस्टरमध्ये 'डॉर्ड' नावाचा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला. मुळात चिठ्ठीवर 'डी ऑर डी' असं, घनतेच्या संक्षेपाबद्दल, लिहिलेलं होतं. १९३९ मध्ये ते लक्षात आलं.

म्हणून इंटरनेटवर फिरणाऱ्या 'विसरलेले सुंदर इंग्रजी शब्द' असल्या याद्यांवर भरवसा ठेवू नका. शब्द आवडला तर तो ऑक्सफर्डमध्ये शोधा आणि खालची अवतरणं मोजा. सगळी अवतरणं जुन्या कोशांचीच असतील, चालत्या मजकुरातलं एकही नसेल, तर तो कधी कुणी बोललं-लिहिलं असण्याची शक्यता कमी. सतराव्या शतकातल्या कोशकारांनी लॅटिन शब्दांना इंग्रजी शेपूट लावून असे कितीतरी शब्द तयार केले होते, आणि ते एका कोशातून दुसऱ्यात उतरत गेले.

मराठीत आणताना

अनुवादकाला इथे एक मोह होतो. मूळ जुनं आहे म्हणून मराठीही जुनी करायची, 'मज', 'तयास', 'जाहला' पेरायचं. माझं मत याच्या विरुद्ध आहे. शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला 'दाऊ' जुना वाटत नव्हता. तो त्याच्या घरातला शब्द होता, आणि मराठीत तो 'तू'च झाला पाहिजे. लेखकाने स्वतः मुद्दाम जुना शब्द वापरला असेल तेव्हाच आपणही जुना वापरावा. सोळाव्या शतकात स्पेन्सर या कवीने हे जाणूनबुजून केलं, त्याच्या काळातच त्याची भाषा जुनाट वाटत होती. तिथे ज्ञानेश्वरी-एकनाथी वळणाचा शब्द शोभेल. कंपनीच्या पत्रांत मात्र काळाचा शब्द हवाच: फॅक्टरीला वखार, इंटरप्रिटरला दुभाष्या, शिपला गलबत की जहाज ते आकार पाहून. हे शब्द आपल्याकडच्या त्याच काळच्या कागदांत आहेत, बनवावे लागत नाहीत.

शोधलेला प्रत्येक शब्द वहीत किंवा संगणकात टिपून ठेवा: शब्द जसा छापला आहे तसा, पूर्ण वाक्य, ग्रंथ आणि पान, मूळ मजकुराचं साल, कोणत्या कोशातला कितवा अर्थ, आणि तुम्ही ठरवलेला मराठी शब्द. सालाचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. शंभर शब्द जमले की एकाच लेखकाच्या सवयी दिसायला लागतात आणि पुढचा शोध निम्म्या वेळात होतो. सगळं करूनही एखादा शब्द उलगडलाच नाही, तर अंदाजाने मराठी शब्द बसवू नका. तो देवनागरीत जसाच्या तसा ठेवा आणि खाली टीप द्या, की अर्थ लागला नाही, संदर्भावरून अमुक असावं.